माप कोणाच्या हातात?
बांधकामाच्या पुरवठा-साखळीचा इतिहास आणि आजचा शाश्वततेचा हिशेब

१

इमारतींचा इतिहास आपल्याकडे वरून खाली लिहिला जातो. कळस कोणी चढवला, कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, नकाशा कोणत्या साहेबाने काढला, एवढे सांगून तो संपतो. पायात गेलेला दगड कोणी फोडला, चुना कोणी भाजला, वीट कोणी थापली, वाळू कोणाच्या डोक्यावरून आली, हे प्रश्न त्या इतिहासाला पडत नाहीत. पडलेच तर त्यांची उत्तरे संख्येत येतात : इतके ब्रास दगड, इतक्या हजार विटा, इतक्या खंडी चुना. माल मोजला जातो आणि माल करणारा त्या मोजणीत विरघळून जातो.

हा जुना प्रश्न आज पुन्हा काढण्याचे कारण असे की, गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बांधकाम उद्योगात मोजणीचे एक नवे शास्त्र उभे राहिले आहे. त्याला शाश्वततेचे मोजमाप म्हणतात. इमारतीला लागणारा माल कोठून येतो, तो तयार होताना किती कर्बवायू हवेत जातो, किती पाणी खर्ची पडते, किती अंतर वाहून आणावा लागतो, याचा हिशेब मांडून इमारतीला गुण, तारे आणि प्रमाणपत्रे दिली जातात. हा हिशेब निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. जगभरात जेवढा कर्बवायू माणूस हवेत सोडतो, त्यापैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या उद्योगातून येतो. चुनखडी भाजली की खुद्द त्या दगडात बांधलेला वायू सुटतो. म्हणजे भट्टीतला कोळसा बदलला तरी तो सुटणारच. नदीच्या वाळूचे आणि डोंगरांचे काय झाले आहे हे तर गावोगाव दिसते. तेव्हा मोजले पाहिजे, यात वाद नाही.

माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. हे माप कोणाच्या हातात आहे? बांधकामाच्या साखळीत मापे नेहमीच होती. ती घेणाऱ्याच्या हातात होती, देणाऱ्याच्या नव्हती. या एका गोष्टीचा इतिहास समजून घेतल्याशिवाय नव्या मोजमापाची परीक्षा करता येणार नाही.

२

आज जिला आपण पुरवठा-साखळी म्हणतो, ती आपल्याकडे जातींची साखळी होती. दगड घडवायला पाथरवट, दगडमाती खणायला आणि वाहायला वडार, भिंतीच्या कामाला बेलदार, चुना आणि कोळसा भाजायला लोणारी, वीट-कौलाला कुंभार, आणि सरकारी किंवा गावकीच्या कामावर वेठीला महार-मांग. प्रत्येकाचे काम जन्माने ठरलेले आणि मोबदला मात्र मालकाच्या मर्जीने ठरलेला.

यात एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. गावाची शीव महाराला माहीत असे. दोन गावांत शिवेचा तंटा झाला म्हणजे महाराने शीव चालून दाखवावी आणि ती प्रमाण मानावी, अशी वहिवाट मराठेशाहीच्या कागदपत्रांतून दिसते. म्हणजे जमिनीचे माप महाराच्या पायांत होते. पण त्या मापाचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरात होते. ज्ञान एकाकडे आणि लेखणी दुसऱ्याकडे, ही वाटणी आपल्या सगळ्या बांधकामाच्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची दंतकथा अनेकांना ठाऊक असेल. बुरूज उभा राहीना, तेव्हा नाथनाक आणि देवकाई या महार जोडप्याला त्याच्या पायात जिवंत पुरले, असे ती सांगते. अशा कथा महार-मांगांच्या बाबतीत अनेक किल्ल्यांशी जोडलेल्या आहेत. ती घडलेली हकिकत आहे असा माझा दावा नाही. पण ज्या समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्याला एक सत्य पक्के ठाऊक होते : बांधकामाला लागणाऱ्या सामानाच्या यादीत अस्पृश्याचा देहही धरलेला होता.

३

इंग्रजी राज्यात काम मोठे झाले, पैसा रोख झाला, आणि साखळी लांबली. भोर घाटातील रेल्वे हे त्याचे पहिले मोठे उदाहरण. १८५६ साली काम सुरू झाले, १८६३ साली घाट खुला झाला. १८३१ फुटांची चढण आणि २५ बोगदे. कामाच्या भरात ४० हजारांहून अधिक मजूर घाटात राबत होते. वर रेल्वे कंपनी, तिच्याखाली विलायतेचा ठेकेदार फॅव्हिएल, त्याच्याखाली पोटठेकेदार, त्यांच्याखाली मुकादम आणि सर्वांत खाली मजूर. वरून निघालेली मजुरी या पायऱ्या उतरता उतरता आटत असे, आणि कित्येकदा खाली पोचतच नसे.

जानेवारी १८५९ मध्ये कर्जतजवळ मजुरांचा उद्रेक झाला. कारण थकलेली आणि बुडवलेली मजुरी. सरकारला चौकशी करावी लागली आणि त्याच वर्षी फॅव्हिएलने ठेका सोडला. पुढे १८६० साली मालक-मजूर तंट्यांचा कायदा झाला. मजुरीच्या तंट्याचा झटपट निकाल लावण्याची सोय त्यात होती, आणि काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षा करण्याचीही सोय होती. मजुराने मजुरीचा हिशेब मागितला. राज्यकर्त्यांनी हिशेबाबरोबर बेडीही दिली. बोगद्यांची लांबी आणि चढाचे प्रमाण आजही पुस्तकांत सापडते. त्या ४० हजारांची नावे सापडत नाहीत.

४

महात्मा फुले हे स्वतः या साखळीतले होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी विचारात घेतली जात नाही. शाळा काढणारे जोतीराव आपण शिकवतो. दगड-चुन्याचा मक्ता घेणारे जोतीराव शिकवत नाही. 'पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी' ही त्यांची कंपनी. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचा तलाव या कामांशी त्यांच्या मक्त्यांचा संबंध होता. मुंबईत सत्यशोधक समाजाच्या पाठीशी उभे राहिलेल्यांत कामाठीपुऱ्याच्या बाजूचे तेलुगू भाषक कंत्राटदार होते. रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळाजी काळेवार ही त्यांतली नावे. म्हणजे सत्यशोधक चळवळीचा एक पाय बांधकामाच्या धंद्यात होता आणि त्या धंद्यातली लबाडी तिला आतून माहीत होती.

१८५४ साली डलहौसीच्या कारकिर्दीत सार्वजनिक बांधकाम खाते निघाले होते. या खात्याचा कारभार दोन कागदांवर चाले. एक मोजमाप-वही, तिच्यात झालेले काम लिहायचे. दुसरा हजेरीपट, त्यात आलेली माणसे लिहायची. दोन्ही लिहिणारा कारकून किंवा ओव्हरसियर वरच्या जातीचा, सही करणारा गोरा इंजिनिअर, आणि ज्याच्याबद्दल लिहिले जाई तो मजूर निरक्षर. १८७३ च्या 'गुलामगिरी'त जोतीरावांनी इंजिनिअर खात्यातील ब्राह्मण कामगारांच्या चलाखीवर एक पवाडा घातला आहे, तो या दृष्टीने वाचला पाहिजे. जातीवरची ती केवळ टीका नव्हे. कागदावरचे माप आणि जागेवरचे काम यांतले अंतर कोणाच्या पोटात जाते, हे साखळीतल्या एका माणसाने चव्हाट्यावर मांडले होते. आजच्या भाषेत बोलायचे तर ते आपल्याकडचे पुरवठा-साखळीचे पहिले लेखापरीक्षण म्हणता येईल.

याच जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. त्यात पावसाने धुऊन जाणाऱ्या मातीची चिंता आहे, तालीबंधारे घालून पाणी मुरवण्याची योजना आहे, आणि जंगलखात्याने गुराख्याच्या तोंडचा घास कसा काढला त्याचा जाब आहे. माती आणि माती कसणारा हे दोन वेगळ्या वह्यांत लिहायचे विषय आहेत असे त्यांना वाटले नाही. शाश्वततेच्या आजच्या शास्त्राने या दोन वह्या वेगळ्या केल्या, हेच माझ्या मते त्याचे मूळ दुखणे आहे.

५

स्वातंत्र्यानंतर ठेकेदाराचा रंग बदलला. मापाची रीत बदलली नाही. १९७० ते १९७३ या वर्षांच्या दुष्काळात महाराष्ट्रातले शेतमजूर आणि अल्पभूधारक खडी फोडायला बसले. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी ब्रासने मोजली जाई. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ढिगात पोकळी किती धरायची, दगड कठीण की मऊ, माप आज घ्यायचे की पुढच्या आठवड्यात, हे सगळे टेप धरणाऱ्याच्या हाती. उन्हात, शेजारी पोर झोपवून हातोडी चालवणाऱ्या बाईला आपण किती फोडले ते हाताच्या फोडांवरून कळे, पण तिला किती मिळणार ते वही आल्यावर कळे. १९७७ चा रोजगार हमीचा कायदा या संघर्षातून आला हे खरे. मोजणी वेळेवर व्हावी आणि मजुरांच्या देखत व्हावी, ही मागणी मात्र कायद्यानंतरही रस्त्यावर उतरूनच मागावी लागली.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल या मापाच्या इतिहासात मैलाचे दगड आहेत. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळांसाठी स्टेडियम आणि पूल बांधले जात होते. मजुरांसाठी दिवसाला ९ रुपये २५ पैसे दिले जात. पण ते जमादाराच्या हातून जात आणि जमादार रुपया कापून घेई. न्यायालयाने म्हटले की, किमान वेतनाहून कमी देऊन काम करून घेणे ही घटनेच्या २३ व्या कलमाखालची वेठबिगारच होय. बाबासाहेबांच्या घटनेतले ते कलम बांधकामाच्या जागेवर प्रथमच एवढ्या स्पष्टपणे उतरले.

दुसरा निकाल डिसेंबर १९८३ चा, बंधुआ मुक्ती मोर्चाच्या अर्जावरचा. फरीदाबादच्या दगडखाणीतले मजूर उचलीत अडकलेले होते, धुळीत जगत होते. न्यायालयाने अनेक आदेश दिले. त्यांतला एक मला फार महत्त्वाचा वाटतो. मजुरी ट्रकमागे मिळत असे. ठरलेल्या मापापेक्षा जास्त दगड ट्रकमध्ये भरून घेतला जात नाही ना, हे पाहण्यासाठी अधिकाऱ्यांनी आठवड्यातून किमान एकदा अचानक तपासणी करावी, असे न्यायालयाने बजावले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला ट्रकच्या मापाकडे का वळावे लागले? कारण चोरी तिथे होती. मजुरीचा दर कागदावर तोच राहतो. ट्रक मात्र मोठा होत जातो.

कायद्यांनी पुढे काय केले तेही पाहिले पाहिजे. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी दोन कायदे झाले आणि बांधकामाच्या खर्चावर उपकर बसला. पण जिथे कारखान्यांचा किंवा खाणींचा कायदा लागू आहे ते काम या व्याख्येतून वगळले गेले. परिणामी एकाच भिंतीसाठी राबणारा गवंडी एका कायद्याखाली, दगड काढणारा दुसऱ्या, वीट थापणारा तिसऱ्या, आणि नदीतून वाळू उपसणारा बहुधा कोणत्याच नाही. १९३६ साली 'जातिभेद निर्मूलना'च्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की, जातीने नुसती कामे वेगळी केली नाहीत, कामकऱ्यांना एकमेकांपासून तोडून एकावर एक रचले. कायद्याने तीच रचना नकळत पुन्हा लिहिली. आणि जो उपकर जमा झाला त्याचे काय झाले? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हिशेब आला : ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक जमा आणि खर्च सुमारे ९,५०० कोटी. १९९६ चे हे कायदे पुढे २०२० च्या श्रमसंहितांत विलीन करण्यात आले. कलमे हलली, पण खाण आणि भट्टीवरच्या माणसाचा प्रश्न जागेवरच आहे.

६

आता नव्या मोजमापाकडे वळू. इंग्लंडमध्ये १९९० साली आणि अमेरिकेत १९९८ साली हरित इमारतींना गुण देण्याच्या पद्धती निघाल्या. आपल्याकडे २००१ साली हरित इमारत परिषद स्थापन झाली. हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज हरित केंद्राला २००३ साली अमेरिकी पद्धतीचे सर्वोच्च मानांकन मिळाले. २००७ साली 'गृह' ही देशी पद्धत राष्ट्रीय म्हणून स्वीकारली गेली. या पद्धतींनी काहीच केले नाही असे नाही. 'गृह'मध्ये बांधकामाच्या जागेवरच्या मजुरांच्या सुरक्षिततेची आणि स्वच्छतागृहांची दखल आहे. पण जागेवरच्या. कुंपणाच्या बाहेर, जिथून ट्रक निघतो तिथे, गुण देणाऱ्याची नजर मालावर असते. माल किती अंतरावरून आला हे मोजतात. तो कोणत्या उचलीवर तयार झाला हे मोजत नाहीत.

याचा परिणाम असा होतो की, साखळीची एक कडी हलकी केली की ओझे दुसऱ्या कडीवर सरकते आणि हिशेबात ते दिसत नाही. तीन उदाहरणे देतो. सुपीक मातीच्या विटा थांबाव्यात म्हणून १९९९ साली केंद्राने औष्णिक वीजकेंद्रांपासून ५० किलोमीटरच्या आत वीट तयार करताना राख वापरणे बंधनकारक केले. पुढे हे अंतर वाढत ३०० किलोमीटरवर गेले. माती वाचवण्याचा हेतू योग्यच. पण कोराडी, चंद्रपूर, परळी या भागांत राखेसोबत जगणाऱ्यांचे श्वास विटेच्या गुणपत्रिकेत येत नाहीत. दुसरे, २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरणाची परवानगी आवश्यक ठरवली. नदीच्या वाळूला पर्याय म्हणून क्रश सँड आली. ती दगड चुरून होते. जे ओझे नदीवर होते ते डोंगरावर आणि क्रशरवरच्या मजुराच्या फुप्फुसावर गेले; सिलिका धुळीने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. तिसरे, फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने वीटभट्ट्यांनी धूर कमी करणारी नागमोडी रचना स्वीकारावी असे ठरवले. धूर मोजला गेला. पावसाळ्यात उचल घेऊन, दिवाळीनंतर मुलाबाळांसह भट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाचे कर्ज मोजले गेले नाही. ठाणे, पालघर, रायगडातल्या भट्ट्यांवर ते हजार विटांमागे मजुरी घेते, आणि हंगाम संपला तरी कर्ज संपेलच असे नाही. वेठबिगारी १९७५ च्या वटहुकुमाने आणि १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. उचल चालू आहे.

मोठ्या कंपन्यांच्या अहवालांचे तेच. सेबीने २०२१ साली पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यायला लावला. २०२३ साली सर्वांत मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांचीही माहिती द्यावी असे ठरले. साखळीच्या तळाशी प्रकाश पडेल असे वाटले. पण पुढे अट आली की, कंपनीच्या खरेदीत ज्याचा वाटा २ टक्के किंवा अधिक, तोच पुरवठादार धरायचा. आणि २०२५ साली ही माहिती देणेही ऐच्छिक झाले. आता विचार करा. हजारो कोटींची खरेदी करणाऱ्या कंपनीच्या वहीत एखाद्या वीटभट्टीचा किंवा दगडखाणीचा वाटा २ टक्के कधी होईल? जी कडी सर्वांत स्वस्त, ती या मापाला दिसतच नाही. आणि ती स्वस्त आहे कारण तिथल्या श्रमाला किंमत दिलेली नाही. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त लुबाडले, तो सर्वांत आधी मोजणीतून सुटतो. जुन्या काळी त्याचे नाव हजेरीपटावर खोटे लिहिले जाई. नव्या काळी त्याच्यासाठी रकानाच नाही.

७

मग शाश्वतता मोजूच नये काय? मी म्हणतो, मोजावी. पण टेपचे दुसरे टोक मजुराच्या हातात द्यावे. हे स्वप्नरंजन नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरपासून जनसुनावण्या घेतल्या. सरकारी बांधकामांचे हजेरीपट आणि मालाची बिले गावासमोर मोठ्याने वाचली गेली. ज्यांची नावे लिहिली होती ते उभे राहून सांगू लागले की, मी त्या दिवशी कामावर नव्हतो. ही भिंत बांधलीच गेली नाही. माहितीच्या अधिकाराची मागणी त्यातून वाढली, २००५ साली कायदा आला, आणि त्याच वर्षीच्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याने ग्रामसभेच्या सामाजिक अंकेक्षणाला जागा दिली. १८७३ साली जोतीरावांनी पवाड्यात जे केले, तेच इथे मजुरांनी स्वतःच्या तोंडाने केले.

हीच रीत पुरवठा-साखळीला लावली पाहिजे. ज्या इमारतीला हरित प्रमाणपत्र हवे, तिच्या विटांची भट्टी, खडीची खाण आणि वाळूचा घाट यांची नावे इमारतीच्या फलकावर लिहिली जावीत. तिथे दिलेली मजुरी, बाकी असलेली उचल, धुळीची तपासणी आणि मुलांची शाळा हे कर्बवायूच्या शेजारच्या रकान्यात यावे. आणि तो रकाना भरताना भट्टीवरची बाई आणि खाणीतला वडार हजर असावा. त्याने नाही म्हटले तर गुण मिळू नयेत.

शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांना एक काम सुचवतो. तुमच्या महाविद्यालयाची नवी इमारत उभी राहत असेल, तर तिच्या पायऱ्यांपासून उलटे निघा. खडीचा ट्रक कोणत्या खाणीतून येतो, विटा कोणत्या तालुक्यातून, वाळू कोणत्या घाटावरून, ते शोधा. तिथे जाऊन दर विचारा, माप पाहा, उचलीचा आकडा लिहून घ्या. कार्यकर्त्यांनी जागेवरच्या कामगारांची संघटना बांधताना भट्टी आणि खाण तिच्यात धरावी. कायद्याने तोडलेली साखळी संघटनेने जोडावी. असे दहा-वीस तालुक्यांत झाले तरी जो हिशेब तयार होईल, तो कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा खरा असेल.

शिवेचे माप एके काळी आपल्या पायांत होते आणि दप्तर दुसऱ्याच्या घरात होते. आता आपली मुले लिहिती झाली आहेत. दप्तर त्यांनी लिहावे.